पाचवी अळी

बंदरावर घारबाईंच्या डोळ्यांबद्दल लोक वाट्टेल ते सांगायचे. बाई म्हणे चहाच्या कपात एकदा डोकावल्या की दूध देणारी गाय त्या सकाळी रुसली होती की नाही ते सांगतात. बोट अजून ठिपक्याएवढी असताना बाई म्हणे धक्क्यावरून ओरडल्या होत्या, "अरे, त्या कप्तानाला म्हणावं सदऱ्याचं दुसरं बटण लावून घे!" यातलं निम्मं लोकांनी रचलेलं आणि उरलेलं निम्मं खुद्द बाईंनी. गोष्ट फुगवून सांगायची त्यांना भारी हौस. आणि सांगताना चेहरा असा, की जणू कोर्टात साक्ष देतायत.

पण नजर तिखट होती, हे कबूल करायलाच हवं. परदेशातून बोटीने मांस यायचं, त्यात अळ्या आहेत का ते बघायचं, हे बाईंचं काम. डुकराच्या मांसात एक अळी असते. केसाहून बारीक, वेटोळं घालून स्नायूत झोपलेली. तिला ना वास, ना चव, ना रंग. मांस कच्चं राहिलं आणि ती पोटात गेली, की माणसाच्या स्नायूत घर करते, आणि मग तो माणूस महिनोन्महिने कण्हत बसतो. तिला पकडायची म्हणजे फसवायलाच लागतं. काचेच्या भांड्यात एक खोटं पोट तयार करायचं. गरम पाणी, आम्ल, पाचक पूड. शंभर डुकरांचं चिमूट चिमूट मांस वाटून त्यात टाकायचं आणि अर्धा तास ढवळत ठेवायचं. मांस विरघळतं, अळी विरघळत नाही. मग सगळं बारीक चाळणीतून गाळायचं, खालच्या भांड्यात तळाशी बसलेला गाळ चौकटी आखलेल्या बशीत घ्यायचा आणि भिंगाखाली एकेक चौकट बघत जायची. अठ्ठावीस वर्षं बाई त्या चौकटींमधून हिंडत होत्या. घरी नवरा विचारायचा, "आज कुठवर फिरून आलीस?" तर म्हणायच्या, "दोनशे चौकटी. पाय दुखतायत."

ते चिमूट चिमूट मांस आणून द्यायचे सुरीमामा. शीतघरात आकड्यांना टांगलेली अर्धी अर्धी चिरलेली डुकरं, रांगच्या रांग, दगडासारखी गोठलेली. मामा प्रत्येकाच्या छातीखालच्या पडद्याचा वाटाण्याएवढा तुकडा काढायचे, डबीत टाकायचे आणि डुकराला लावलेल्या बिल्ल्यावरचा नंबर डबीवर लिहायचे. शंभर डुकरं, शंभर डब्या. हात असा चालायचा, की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस फुलं तोडतोय. बाई आणि मामा एकाच वर्षी कामाला लागलेले. एकमेकांच्या पोरांच्या लग्नात दोघांनी पंक्ती वाढल्या होत्या. मामा डब्या आणून ठेवायचे आणि दारातून म्हणायचे, "घ्या बाई, शंभर पाहुणे आणलेत. कुणाच्या पोटात काय आहे ते तुम्हीच बघा."

बाईंच्या खात्यात दरवर्षी एक परीक्षा असायची. वरच्या कचेरीतून लाडवाएवढा खिम्याचा गोळा यायचा. त्यात मोजून अळ्या लपवलेल्या. किती ते कुणाला सांगायचे नाहीत. तुम्ही शोधायच्या, आकडा कळवायचा. त्या वर्षीचा गोळा नेमका अशा सकाळी आला, की बाहेर फाटकापर्यंत ट्रकांची रांग लागलेली. गोळा दुसऱ्या दिवसावर टाकता येत नव्हता, जिवंत अळ्या शिळ्या होतात. बाईंनी तो आधी घेतला. विरघळवला, गाळला, बघितला. चार अळ्या. चारही जिवंत, शेपट्या हलवतायत. आकडा लिहिला, पाकीट बंद केलं.

आता नियम असा, की परीक्षेच्या गोळ्याची चाळणी त्या दिवशी पुन्हा वापरायची नाही. उकळत्या पाण्यात टाकायची, ब्रशने घासायची, भिंगाखाली धरून जाळीचं छिद्र न् छिद्र बघायचं. पण दुसरी चाळणी फाटलेली, नवी मागवलेली आणि ती कुठल्यातरी टेबलावर सहीसाठी अडकलेली. बाहेर ट्रकवाले भोंगे वाजवतायत. बाईंनी चाळणी नळाखाली धरली, दोन ब्रश मारले, उजेडाकडे बघितली. अठ्ठावीस वर्षांचा डोळा. भिंगाची काय गरज?

मग आल्या मामांच्या शंभर डब्या. माल गोठवून सव्वीस दिवस झालेले. बाईंनी गाळ बशीत घेतला, चौकटींमधून फिरायला लागल्या आणि एकसष्टाव्या चौकटीत थांबल्या.

एक अळी. जिवंत. वेटोळं सोडतेय, घालतेय.

आता तुम्हीच सांगा, सव्वीस दिवस दगड झालेल्या मांसातली अळी जिवंत कशी? थंडीने मेलेली अळी स्वल्पविरामासारखी वाकडी पडून राहते, हलत नाही. बाईंना हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. क्षणभर त्यांच्या कपाळाला आठी पडलीसुद्धा. पण बर्फाळ मुलखातली एक जात असते, ती गोठूनही तगते, असं त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. आपल्याला तीच सापडली! आठी गेली, मान ताठ झाली. बाई खात्याच्या साहेबांच्या खोलीत शिरल्या ते न विचारताच.

एक सापडली की पुढचा नियम असतो. पुन्हा त्याच शंभर डुकरांचे तुकडे काढायचे, वीस वीसच्या पाच गटांत तपासायचे, म्हणजे चोर कुठल्या विसात आहे ते कळतं. मामांनी दुपारी पुन्हा शंभर तुकडे आणले. पाच गट, पाच बशा. काहीच नाही. स्वच्छ.

साहेब टेबलावर बोटं वाजवत म्हणाले, "बाई, दोनातलं एक खरं. एक तर सकाळचं बघणं चुकलं, नाहीतर दुपारचं कापणं."

"माझं बघणं?" बाई म्हणाल्या. एवढंच. पण ते दोन शब्द त्यांनी अशा काही उच्चारले, की साहेबच ओशाळले.

"मग मामा?"

शीतघरात त्या दिवशी दोन माल टांगलेले होते. एक हा, एक आदल्या आठवड्यात पास झालेला. दोन्हींवर एक ते शंभर असेच नंबर. फरक फक्त बिल्ल्याच्या रंगाचा, ह्याचे हिरवे, त्याचे निळे. शीतघरातल्या पिवळ्या दिव्याखाली दोन्ही सारखेच दिसायचे.

हे साहेबांच्या लक्षात आणून दिलं ते बाईंनी.

मामांना बोलावलं. साहेबांनी विचारलं, "तुम्ही दुपारी शेजारच्या रांगेतले तुकडे काढलेत का?"

"नाही साहेब." ठणठणीत.

"नीट आठवा. दिवा पिवळा, बिल्ले हिरवे-निळे."

"नाही... नसावेत साहेब."

"बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी अळी बघितली आहे, मामा."

मामांनी बाईंकडे बघितलं. बाई खिडकीबाहेरची क्रेन बघत होत्या. मामा म्हणाले, "बाईंनी बघितली म्हणजे असणारच. मग माझंच काहीतरी झालं असेल."

शंका राहिली तर माल जाळायचा, असा नियम. अख्खा कंटेनर भट्टीत गेला. मामांची सुरी काढून घेतली आणि त्यांना फाटकावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला.

इथवर जे झालं ते एका दिवसाचं. पण बाईंचा खरा गुन्हा पुढचा, असं त्या स्वतःच नंतर म्हणायच्या. मामा गेल्यावर चहाच्या खोलीत सुतक पडलं होतं. मुकादम, क्रेनवाला, कारकून, सगळे कपात तोंड घालून बसलेले. बाईंना ती शांतता सोसेना. मनात कुठेतरी ती आठीही टोचत असणार. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अरे, मामांचा तरी काय दोष? तो पक्षी आला नसता तर काही झालं नसतं."

"कसला पक्षी?" क्रेनवाला म्हणाला.

झालं! बाई सुटल्या. शीतघराचं दार उघडं होतं म्हणे. एक पांढरा समुद्रपक्षी आत शिरला आणि मामांच्या कानावरची पेन्सिल मासळी समजून घेऊन पळाला. मामा त्याच्या मागे. डावीकडून रांगेला वळसा, गुडघा आपटला लोखंडी खांबावर, उजवीकडून परत. पेन्सिल मिळाली, पण रांग चुकली! मुकादमाला ठसका लागला. पुढच्या आठवड्यात पक्ष्याने चष्माही नेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात तो चष्मा लावून डोलकाठीवर बसला आणि मामांच्याच पेन्सिलने बोटींची हजेरी घ्यायला लागला. खोली हसून हसून पडायची. बाईंना वाटायचं, आपण मामांचा डाग हलका करतोय. लोक चिडवण्यापेक्षा हसलेले बरे. मामाही फाटकावरून चहाला यायचे, कोपऱ्यात बसायचे, सुरुवातीला मान हलवत "काहीतरीच काय बाई" म्हणायचे. पुढे पुढे तेही हसायला लागले.

असे चौदा महिने गेले.

मग वरून तपासणी लागली आणि कारकुनाने जुन्या फायली बाईंच्या टेबलावर आणून आदळल्या. "बाई, ह्या परीक्षांच्या निकालांवर तुमच्या सह्या राहिल्यात." बाई सह्या करत सुटल्या. गेल्या वर्षीच्या निकालावर ठसठशीत 'उत्तीर्ण' लिहिलेलं. तो शब्द वरच्या कचेरीच्या कारकुनाने तेव्हाच फोनवरून कळवला होता, म्हणून कागद कुणी उघडलाच नव्हता. बाईंनी सही केली, आणि सहीच्या वर बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या.

टाकलेल्या अळ्या: पाच. सापडलेल्या: चार.

एक कमी असली तरी पास करतात. बाईंचं पेन तिथेच थांबलं. शाईचा ठिपका वाढत वाढत चण्याएवढा झाला. त्यांनी तारीख बघितली. बघायची गरज नव्हती तरी बघितली.

पाचवी कुठे गेली ते त्यांना माहीत होतं. त्यांनीच तिला भिंगाखाली बघितलं होतं. वेटोळं सोडताना, घालताना.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो भाजी निवडत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेबांकडे आधी जाणार की मामांकडे?"

"साहेबांचं काय, कागदावर कागद लावतील. मामांना सांगायला हवं. त्यांचा हात कधी चुकलाच नव्हता."

"मग आज काय रडतेस? चांगलीच बातमी आहे ना त्यांना?"

बाईंनाही तसंच वाटलं. रविवारी दुपारी निकालाचा कागद पिशवीत घालून त्या मामांच्या घरी गेल्या. टायरच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मामींनी दार उघडलं आणि "अगंबाई, या या" करत खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलले. आत मामा नातीच्या पुस्तकांना कव्हरं घालत बसले होते. कात्री मात्र नातीच्या हातात. मामा नुसतं कागदाला बोटाने घडी दाखवत होते आणि ती सात-आठ वर्षांची पोर कापत होती.

"तुम्ही का नाही कापत?" बाईंनी विचारलं.

"नको, माझं वाकडं जातं," मामा हसून म्हणाले.

मामी पाणी देत म्हणाल्या, "कात्रीचं काय घेऊन बसलात बाई. गॅस बंद केला का, तीनदा उठून बघतात. कुलूप लावलं की अर्ध्या जिन्यातून परत वर. हिला शाळेतून आणायला जात होते, तेही सोडलं. म्हणे, भलत्याच पोरीचा हात धरून आणला तर?"

नात खुदकन हसली. "आजोबा, तुम्ही मला ओळखत नाही का?"

"ओळखतो गं. पण ओळखतो असं तेव्हाही वाटलं होतं."

बाईंनी पिशवीतून कागद काढला. त्यांनी घरून सगळं पाठ करून आणलं होतं, पण तोंडातून भलतंच आलं. "मामा, तुमची रांग चुकली नव्हती. चाळणी माझी चुकली." मग त्यांनी सगळं सांगितलं. गोळा, फाटकी चाळणी, नळ, भोंगे, पाच आणि चार. मामींनी पदर तोंडाला लावला. मामांनी शांतपणे ऐकलं आणि मान हलवली.

"तुमचं मन मोठं आहे बाई. पण उगाच स्वतःवर घेऊ नका. चूक माझीच होती. मला आठवतंय ना."

"काय आठवतंय?"

"रांग चुकली ते! दार उघडं होतं. तो पक्षी आला आणि पेन्सिल घेतली." मामा उठून उभे राहिले. "मी असा डावीकडून गेलो. इथे, ह्या गुडघ्याला खांब लागला. थंडीत अजून ठणकतो, विचारा हिला. आणि उजवीकडून परत आलो. तेव्हाच मला वाटलं होतं, बिल्ले निळे दिसतायत. वाटलं होतं, पण कापत सुटलो."

बाईंनी कागद खाली ठेवला. "मामा, अहो, पक्षी कुठला? शीतघराचं दार आपोआप बंद होतं. तुम्हीच नाही का त्याला शिव्या घालायचात? पक्षी मी रचला. चहाच्या खोलीत. लोक गप्प बसले होते म्हणून. गुडघाही मीच आपटवला तुमचा."

"चष्मा आणि डोलकाठी तुम्ही रचलीत, ते मला कळतं," मामा म्हणाले. "मी काय खुळा आहे? पण पेन्सिल..." त्यांचा हात कानामागे गेला. तिथे पेन्सिल नव्हती. मामा नंबर कायम पेनने लिहायचे, कारण दमट डबीवर पेन्सिल उमटत नाही. हे त्या खोलीत बाईंना माहीत होतं, आणि आता मामांच्याही लक्षात येत होतं. ते हळूहळू खाली बसले.

 खाली दुकानात टायरमध्ये हवा भरत होते.

"मग बाई," मामा म्हणाले, "मला जे आठवतंय ते कुणाचं?"

"माझं," बाई म्हणाल्या.

मामा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बाईंना सुटल्यासारखं वाटलं असतं. ते म्हणाले, "ज्या खुर्चीत बसून ते सांगितलंत ना, त्याच खुर्चीत बसून आता हेही सांगा."

सोमवारी बाईंनी आधी साहेबांना लेखी दिलं आणि मग चहाच्या खोलीत जाऊन त्या खुर्चीत बसल्या. मुकादम सरसावून म्हणाला, "बोला बाई! काय म्हणतोय आपला पक्षी?" बाईंनी सांगितलं. हात हलवले नाहीत, डोळे मोठे केले नाहीत. क्रेनवाला शेवटपर्यंत वाट बघत राहिला, की आता बाई पलटी मारतील. गोष्ट संपली तरी त्याचं अर्धं हसू ओठांवरच होतं, ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना.

"म्हणजे मामा...?" मुकादमाने विचारलं.

"मामांनी काही केलं नव्हतं."

मुकादम उठून बाहेर गेला. जाताना त्याने बाईंकडे बघितलं नाही.

साहेबांनी बाईंना ताकीद दिली, सहा महिने त्यांच्या प्रत्येक बशीवर दुसऱ्याची नजर हवी असा हुकूम काढला, आणि मामांना मानाने परत बोलावलं. सुरी परत दिली. पहिल्या दिवशी शीतघरात सगळे जमले होते. मामांनी कोट चढवला, पहिल्या आकड्यापाशी गेले, बिल्ला वाचला. सुरी लावली, थांबले, पुन्हा बिल्ला वाचला. तुकडा काढला, डबीत टाकला, नंबर लिहिला. मग डबी घेऊन परत डुकरापाशी गेले आणि मुकादमाला म्हणाले, "हाच ना रे?"

"हाच मामा."

"हिरवाच आहे ना?"

"हिरवाच."

शंभर डब्यांना पूर्वी दोन तास लागायचे. त्या दिवशी शंभर व्हायच्या आत सगळ्यांची जेवायची वेळ होऊन गेली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बाई बाहेर डब्यांची वाट बघत उभ्या राहायच्या आणि आतून येणारं "हाच ना?" मोजायच्या. मुकादम एकदाही कंटाळला नाही. प्रत्येक वेळी "हाच मामा" म्हणाला. शुक्रवारी मामांनी सुरी धुतली, पुसली, साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि फाटकावरची जागा परत मागितली. साहेबांनी खूप समजावलं. मामा म्हणाले, "साहेब, तुम्ही सगळे म्हणता मी चुकलो नव्हतो. ते आता पटलंय मला. पण तुकडा काढला की आतून कुणीतरी म्हणतं, नीट बघ. आणि बघितलं तरी ते गप्प बसत नाही."

म्हणून मामा अजून फाटकावर आहेत. बाई रोज सकाळी आठला तिथून आत जातात. एकोणतीस वर्षांची ओळख, तरी मामा त्यांचं ओळखपत्र मागून घेतात. फोटो बघतात, बाईंचा चेहरा बघतात, पुन्हा फोटो बघतात. मागे ट्रकवाले भोंगे वाजवत असतात. बाई घाई करत नाहीत. हवा तेवढा वेळ उभ्या राहतात, चेहरा समोर धरून.